परदेशात रेल्वेचा पास की सुटी तिकिटे?

घोटी, ता. इगतपुरी, जि. नाशिक

चि. भाचीस,

रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत, याचा निवाडा परदेशात गावाकडच्या सवयीने करता येत नाही. घोटी, इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड या पट्ट्यात अप-डाऊन करणाऱ्याला पास परवडतो, कारण त्याचा मार्ग ठरलेला असतो. सकाळी एका स्टेशनावर चढायचे, संध्याकाळी तिथेच परत उतरायचे, आणि महिनाभर हेच करायचे. तिमाही पास मासिकाच्या तिप्पट नव्हे, तर 2.7 पट दराने मिळतो, आणि ही सोय 150 किलोमीटरपर्यंतच्या अंतरालाच आहे. त्यामुळे ‘पास म्हणजे स्वस्त’ हे इथल्या माणसाच्या मनात पक्के बसलेले असते.

परदेशी पाहुण्याला विकला जाणारा पास या जातीचा नाही. ज्याचा मार्ग ठरलेला नाही, त्याच्यासाठी तो असतो. आपल्याकडे त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा 4 किंवा 7 दिवसांचा पास. तो घेऊन घोटीहून शिर्डी, तुळजापूर, कोल्हापूर, गणपतीपुळे असा फेरा मारणाऱ्याचे पैसे वसूल होतात; नाशिकला लेकीकडे जाऊन तीन दिवस मुक्काम करणाऱ्याचे होत नाहीत. भारतीय रेल्वेनेही परदेशी आणि अनिवासी प्रवाशांसाठी ‘इंडरेल पास’ अनेक वर्षे चालवला; तो 2017 मध्ये बंद झाला.

दराच्या आधी पात्रता पाहावी लागते. युरोपात एकाच पद्धतीचे दोन पास आहेत. ‘युरेल’ हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांना मिळतो, ‘इंटररेल’ युरोपात राहणाऱ्यांना. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा हे पाहत नाहीत, राहण्याचे ठिकाण पाहतात. म्हणजे जर्मनीत शिकणारी मुलगी आणि तिला भेटायला घोटीहून गेलेले आई-वडील एकाच डब्यात बसले, तरी आई-वडिलांचा पास युरेलचा आणि मुलीचा इंटररेलचा असतो. इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात फक्त दोन प्रवास करता येतात, एक बाहेर पडण्याचा आणि एक परतीचा. जर्मनीत राहून जर्मनीच फिरायची असेल तर हा पास निरुपयोगी आहे. वयाची सवलत मात्र दोन्हींत आहे: 27 वर्षांपर्यंत 25 टक्के, 60 वर्षांपुढे 10 टक्के, आणि 4 ते 11 वयाची मुले मोठ्या माणसासोबत मोफत. जपानचा नियम याहून कडक आहे. तिथला जेआर पास अल्पकाळच्या पर्यटकाचा शिक्का पासपोर्टवर असलेल्यांसाठी आहे. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या भारतीयाला तो मिळत नाही.

पास परवडतो का, हे कळण्याचा मार्ग एकच, कागदावर बेरीज. जपानचे उदाहरण घेतले की ती कशी करायची हे नीट समजते. 7 दिवसांचा साधा जेआर पास ऑक्टोबर 2023 पर्यंत 29,650 येनला मिळत होता. तोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचे एका बाजूचे तिकीट सुमारे 14 हजार येन आहे. नुसते जाऊन-येऊन 28 हजार होत, त्यात विमानतळाची एखादी फेरी धरली की पास फिटत असे. म्हणून ‘जपानला जाताना पास घ्याच’ हा सल्ला जगभर रूढ झाला. मग त्याच पासची किंमत 50,000 येन झाली. आता तोकियो–क्योतो सुमारे 14 हजार, क्योतो–हिरोशिमा सुमारे 11 हजार, हिरोशिमा–तोकियो सुमारे 19 हजार असा मोठा त्रिकोण धरला, तरी बेरीज 44 हजारांच्या आसपास राहते. इतके फिरूनही पासात पाच-सहा हजार येन जास्त जातात. शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाड्यांना पासधारकाला वेगळे पैसे भरावे लागतात, आणि तोकियोच्या मेट्रोत हा पास चालतच नाही. जुना सल्ला अजून घरोघरी सांगितला जातो, तो ऐकून पैसे भरू नयेत.

युरोपातली बेरीज याहून अवघड, कारण तिथे पासच्या किमतीवर आरक्षणाचा खर्च चढतो. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा, स्पेनच्या एव्हीई आणि लंडन–पॅरिस युरोस्टार या गाड्यांत पास हातात असूनही आरक्षण सक्तीचे आहे. त्याचे पैसे वेगळे, आणि टीजीव्ही-युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी जागाही मोजक्या. गर्दीच्या हंगामात त्या लवकर संपतात, मग पास असून गाडी नाही अशी गत होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथे मात्र बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येते. पासची मोकळीक खरी भोगायला मिळते ती या तीन देशांत.

युरेलचे ‘प्रवासाचे दिवस’ हाही नीट समजून घ्यायचा भाग आहे. महिन्यात 4, 5 किंवा 7 दिवस, दोन महिन्यांत 10 किंवा 15 दिवस, असे त्याचे प्रकार आहेत. एक दिवस म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत, आणि त्या दिवशी कितीही गाड्या. म्हणून पासची किंमत दिवसांनी भागावी, आणि जो आकडा येईल त्याहून महाग प्रवासालाच पासचा दिवस खर्चावा. अर्ध्या तासाच्या जवळच्या गावासाठी सुटे तिकीट काढावे. मोबाइलवरच्या पासात गाडीची नोंद चढण्यापूर्वी करावी लागते. ती राहिली तर पास असूनही दंड होऊ शकतो.

आता सुट्या तिकिटांची बाजू. आधी काढलेले तिकीट युरोपात फार स्वस्त पडते. पण जर्मनीचे सवलतीचे ‘स्पारप्राइस’ तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते. गाडी चुकली तर तिकीट गेले. मात्र रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी पोहोचायला 20 मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असेल, तर हे बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. तासाभराच्या उशिराला तिकिटाच्या 25 टक्के, दोन तासांच्या उशिराला 50 टक्के भरपाई, हा युरोपीय संघाचा सर्वसाधारण नियम आहे. अर्ज केल्याशिवाय ती सहसा हाती पडत नाही, म्हणून तिकीट जपून ठेवावे.

जर्मनीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला या सगळ्याहून मोठा आधार डॉइचलांडटिकेटचा आहे. मे 2023 मध्ये ते महिन्याला 49 युरोंना सुरू झाले, 2025 मध्ये 58 आणि 2026 मध्ये 63 युरो झाले. देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, सीमेपलीकडचे साल्झबर्गही येते. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते सवलतीच्या दरात मिळते. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते, त्यामुळे घरी यायचे असेल तेव्हा महिन्याच्या 10 तारखेपर्यंत ते रद्द करावे, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

वयस्क माणसे सोबत असली की नुसता हिशेब पुरत नाही. साठीच्या आई-वडिलांना गर्दीच्या गाडीत उभे राहायला लावून वाचवलेले पैसे कामाचे नाहीत. जर्मन गाड्यांत पाच-साडेपाच युरोंना जागा राखता येते. ती दर वेळी राखावी, मग हातात पास असो की तिकीट. गाडी बदलायला आठ-दहा मिनिटे दाखवणारा मार्ग त्यांच्यासाठी घेऊ नये, अर्ध्या तासाचा घ्यावा. दोन आठवड्यांत तीन शहरे आणि तारखा पक्क्या, अशा सहलीला सुटी तिकिटेच योग्य. चार-पाच देश, सहा-सात लांबचे टप्पे, आणि पाऊस किंवा तब्येत पाहून मुक्काम बदलण्याची इच्छा, असे असेल तर पास.

तुझ्या आई-वडिलांच्या सहलीचे टप्पे, प्रत्येकाचे त्या-त्या रेल्वेच्या संकेतस्थळावरचे दर, आरक्षणाचा खर्च आणि शेजारी पासची किंमत असा कागद आधी तयार करून घोटीला पाठवावा. पैसे त्यानंतर भरावेत.

— मामा