कॅमेरा हातात, मन शांत : उन्हाळी वनभ्रमंतीतील तीन धडे

एखाद्या फुलाचा फोटो काढून झाल्यावर, फूल नीट पाहायचे राहूनच गेले, असे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? समोर फूल असते, पण मन मात्र फोटो कसा येईल, कोणाला पाठवावा, यातच गुंतलेले असते. जंगलातील एक सकाळ ही सवय बदलू शकते.

बेंगळुरूच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यापासून जवळच तुरहळ्ळीचे जंगल आहे. ग्रॅनाइटचे खडक, खुरटी झुडपे आणि मधून जाणाऱ्या पायवाटा. एप्रिल-मे महिन्यात ऊन चढण्याआधी अशा जागी जा आणि हे तीन धडे अनुभवून पाहा.

१. आधी थांबा

या भागातील खडकांवर राहणारा सरडा एरवी मातकट दिसतो. विणीच्या काळात मात्र नराची पाठ लालभडक आणि कुशी काळ्या होतात. तुम्ही घाईने गेलात तर तो फटीत शिरतो. थोड्या अंतरावर बसा आणि आपल्या श्वासाकडे लक्ष द्या. बऱ्याचदा तो पुन्हा बाहेर येतो. तुमचा स्थिरपणा त्याला कळतो.

२. अहिंसा

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. कडक उन्हात नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसून सावली धरतात, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. आपण जवळ गेलो की ती ओरडत वर घिरट्या घालू लागतात. आपल्याला वाटते, काय सुंदर फोटो मिळतो आहे! पण तेवढा वेळ अंडी उन्हात तापत असतात. टिटवी ओरडू लागली की लगेच मागे फिरा. तो न काढलेला फोटो हीच तुमची त्या दिवसाची साधना.

३. अपरिग्रह

वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर गवतात विष्णुक्रांतेची निळी फुले दिसू शकतात. ती नखाहूनही लहान असतात, म्हणून पाहायला गुडघे टेकावे लागतात. फूल तोडू नका. मागची चौकट स्वच्छ दिसावी म्हणून आजूबाजूचे गवतही उपटू नका. एकाच फुलाचे पन्नास फोटो घेण्याचा मोह झाला, तर त्या मोहाकडेही साक्षीभावाने पाहा.

घरी करायचा अभ्यास

फिरून आल्यावर फोटो लगेच उघडू नका. दहा मिनिटे डोळे मिटून बसा. काय आठवते? वाऱ्याचा स्पर्श, मातीचा वास, एखादी हाक? जे आठवते ते तुम्ही खरोखर पाहिले आहे.

पुढच्या वेळी कॅमेरा जरूर न्या. फक्त तो डोळ्याला लावण्याआधी तीन श्वास शांतपणे घ्या. समोरच्या जिवाला आपल्यामुळे त्रास होत नाही ना, एवढे पाहा आणि मगच बटण दाबा.