मोह ओळखा, मनाला परत आणा



भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. अशी भट्टी दिवसरात्र धगधगते, कारण तिला सतत खाद्य मिळते. वरून दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि कोक, खालून गरम हवेचा झोत. हे खाद्य थांबले, तर एवढी मोठी भट्टीसुद्धा हळूहळू थंड होते. एखाद्या व्यक्तीविषयी मनात पेटलेल्या मोहाचेही तसेच आहे.

हे प्रेम आहे की मोह?

कोणी आवडणे हा दोष नाही. तरुण वयात ते स्वाभाविकच आहे. परंतु पुढील गोष्टी आपल्या बाबतीत घडत आहेत का, हे प्रामाणिकपणे तपासा.

- पुस्तक उघडे असते, पण तासभर एकच पान समोर राहते.
- ती व्यक्ती ऑनलाइन आहे का, हे दिवसातून अनेकदा पाहिले जाते.
- तिने सहज विचारलेल्या एका प्रश्नाचे दहा अर्थ काढले जातात.
- तिच्या एका हसण्यावर दिवस चांगला जातो आणि उत्तर आले नाही तर जेवण जात नाही.
- तिचे दोष दिसत नाहीत, किंवा दिसले तरी गोड वाटतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी 1979 च्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला 'लिमरन्स' असे नाव दिले. त्यांचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे: थोडी आशा आणि थोडी अनिश्चितता यांवरच ही अवस्था वाढते. म्हणजे आपण ज्याला प्रेम म्हणतो, तो अनेकदा 'कदाचित' या एका शब्दाचा खेळ असतो.

साखळी कोठे तोडावी?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक 62-63) ही साखळी क्रमाने सांगितली आहे. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश.

हे केवळ पोथीतले नाही. 3 फेब्रुवारी 2020 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. सात दिवसांनी तिचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. वर्तमानपत्रांनी त्याला 'एकतर्फी प्रेम' म्हटले. ज्याला समोरच्याचा नकार ऐकू येत नाही, त्याला प्रेम कसे म्हणावे? मोहात पडलेला प्रत्येक जण त्या टोकाला जात नाही, बहुतेक जण स्वतःलाच जाळत राहतात. पण 'मला ती हवी' याचे 'मला का नाही?' झाले, की कामनेचा क्रोध झाला असे समजावे. नकारानंतर मागे फिरणे, पुन्हा पुन्हा संदेश पाठवणे हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

साखळी पहिल्या कडीपाशी, चिंतनापाशी तोडणे सर्वांत सोपे असते.

काय करावे?

1. खाद्य थांबवा. फोटो, जुने संदेश, स्टेटस पाहणे बंद करा. तिच्या रस्त्याने मुद्दाम जाणे सोडा. पहिले काही दिवस जड जातील.

2. हिशेब लिहा. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून मला हा उपाय जवळचा वाटतो. वहीच्या पानाचे दोन भाग करा. एका बाजूला प्रत्यक्षात काय घडले, दुसऱ्या बाजूला मी काय कल्पिले. माझे स्वतःचे पान भरले, तेव्हा पहिल्या बाजूला जेमतेम चार ओळी होत्या. दुसरी बाजू पुरली नाही.

3. मनाशी भांडू नका. 'तिला विसरायचे आहे' असे 108 वेळा म्हणणे हेही तिचेच स्मरण आहे. 'ती मला मिळू दे' म्हणून केलेला जप तर भट्टीत कोकच टाकतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातील उपाय साधा आहे: मन जेथे जेथे पळेल, तेथून त्याला परत आणावे. रागावू नये, पुन्हा आणावे. यालाच अभ्यास म्हणतात.

4. हातांना काम द्या. पहाटे उठणे, व्यायाम, कोणा मुलाला तासभर शिकवणे. दुसऱ्याच्या गरजेकडे लक्ष गेले की स्वतःभोवतीचे फिरणे थांबते.

5. एकट्याने सोसू नका. ताई, दादा, विश्वासू मित्र यांच्याशी बोला. झोप, जेवण, अभ्यास अनेक आठवडे बिघडला असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर लगेच घरी सांगा आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही शासकीय सेवा 24 तास मोफत आहे. मदत मागणे म्हणजे साधनेत कमी पडणे नव्हे.

आजचा संकल्प

ज्या व्यक्तीला आपण मनात देव्हाऱ्यात बसवले, तीही आपल्यासारखीच एक माणूस आहे. तिला तिचे घर, तिची परीक्षा, तिची स्वप्ने आहेत. तिला मोकळे सोडणे हाच तिचा खरा आदर. आज रात्री झोपण्यापूर्वी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वहीचे ते एक पान लिहा. भट्टी एका रात्रीत थंड होणार नाही. पण आजचे खाद्य आपण टाकले नाही, एवढे आपल्या हातात आहे.