'काही नाही होणार' असं तिला सांगू नकोस

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, छकुली तोंडच उघडेना, दवाखान्याच्या पायरीवरून परत आलो." ते ऐकलं आणि मला माझा मोठा आठवला. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

तो पाच वर्षांचा होता. दाढ किडून गाल सुजलेला, दोन रात्री घरात कोणाला झोप नाही. मी त्याला म्हटलं, "काही नाही रे, काका नुसते दात मोजणार." आणि खुर्चीत बसवल्यावर त्याचे हात मीच घट्ट धरले. इंजेक्शन झालं, दाढ निघाली. येताना रिक्षात तो रडला नाही. माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसला. पुढे कितीतरी दिवस साधे केस कापायला न्यायचं म्हटलं तरी विचारायचा, "आई, खरं सांग, तिथे काय करणार?" सुईचं दुखणं तो विसरला गं, माझं खोटं नाही विसरला.

धाकटीच्या वेळी मी शहाणी झाले. काही दुखत नसतानाच तिला नेलं. खरं तर पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दाखवून आणावं असं बालदंततज्ज्ञ सांगतात, आपण मात्र गाल सुजेपर्यंत थांबतो. मग पहिली ओळख वेदनेतच होते, आणि भीती बसते ती तिथेच.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी छोटा आरसा तिच्या हातात दिला. हवेचा फवारा तळहातावर सोडला. फिरणारा ब्रश तिच्या नखावर टेकवला, ती खुदकन हसली, मग तोच ब्रश दातावर. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत 1959 मध्ये मांडली गेली, आता जगभर शिकवतात. शिवाय "डावा हात वर केलास की मी थांबेन" असं कबूल केलं, आणि खरंच थांबल्या. अशाच डॉक्टर शोध. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांचा वेगळा विभाग आहे.

घरात मात्र तुलाच सांभाळायचंय. "दूध प्यायली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य आजपासून बंद. तुझ्या अक्कलदाढेची कहाणी तिच्यासमोर नको. सुई, रक्त, उपटणं हे शब्द आपणहून काढू नकोस. पण तिने विचारलंच, तर "मुंगी चावल्यासारखं होईल, मग ओठ जड होईल" असं खरं ते सांग. वेळ सकाळची घे, पोरं तेव्हा ताजी असतात. आणि बधिर केलं असेल तर दोन-तीन तास तिच्यावर नजर ठेव. धाकटीने गंमत म्हणून ओठ चावला होता, संध्याकाळी तो केवढा सुजला!

सासूबाई म्हणतात ना, दुधाचेच दात, पडणारच आहेत? त्यांना प्रेमाने सांग, समोरचे सहाव्या-सातव्या वर्षापासून पडायला लागतात, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तेवढी वर्षं तिला त्यांनीच चावायचंय. आणि सहाव्या वर्षी त्यांच्या मागे जी नवी दाढ येते ती कायमची. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आयांच्या लक्षातच येत नाही.

परवाचं मनाला लावून घेऊ नकोस. तिला ओरडूही नकोस, ती हट्टी नाही, घाबरलीय. या वेळी नुसतं त्या खुर्चीत बसवून, आरसा बघून परत आणायचं, एवढंच ठरव. शनिवारी सकाळची वेळ मिळाली की मला कळव, मी येते तुमच्याबरोबर.