सोसायटीचं दप्तर संगणकावर : फुकट किती, विकत किती?

आमच्या सोसायटीचे मागचे सेक्रेटरी घर विकून दुसऱ्या गावी गेले आणि सहा वर्षांची इतिवृत्तं त्यांच्या लॅपटॉपमध्येच राहिली. पेनड्राइव्ह हाती पडेपर्यंत दिवाळी उलटली. तेव्हापासून कोणी ‘कुठलं ॲप घेऊ?’ असं विचारलं, की मी आधी विचारतो, खातं कोणाच्या नावावर?

ते संस्थेच्याच नावाने उघडा. गूगलचं साधं खातं फुकट आहे, १५ जीबी जागेसह. या जागेत मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. नोटिसा, इतिवृत्तं, मेंटेनन्सचा तक्ता यांना जागा फारशी लागत नाही. ती खातात स्कॅन केलेली बिलं आणि गळतीचे व्हिडिओ. जागा संपली की येणारे मेलही बंद होतात. मग जागा विकत घ्यावी लागते. १०० जीबींचे महिना १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १३००. पासवर्ड दोघांकडे हवा, आणि समिती बदलली की खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही बदलायला हवा. हे हमखास राहून जातं. दोन वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर गूगल खातं पुसूही शकतं.

ऑडिटर एक्सेलच मागतात? ब्राउझरमधलं एक्सेल आणि वर्ड फुकट मिळतं, जागा मात्र ५ जीबीच. लिब्रेऑफिस पूर्ण मोफत; पण ते आपापल्या संगणकावर चालतं, त्यामुळे चौघांनी एकाच वेळी एका मसुद्यात लिहिणं जमत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधल्या नोटिसा मोबाइलवर अगम्य दिसतात; त्या युनिकोडमध्ये आणाव्याच लागतील. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं, फक्त नंतर आडनावं नीट तपासा.

टिपणांसाठी पैसे मोजू नका. एव्हरनोटच्या फुकट खात्यात ५० टिपणं आणि एकच वही. गूगल कीप पुरतं. नोशन एकट्याला फुकटात भरपूर देतं, दुसरा सदस्य जोडला की हात आखडतो. स्लॅकवर फुकटात ९० दिवसांपुरतेच जुने संदेश दिसतात, आणि आमच्याकडचा गळतीचा वाद त्याहून जुना आहे.

विकतची सेवा घ्यायचीच असेल तर आधी माणसं मोजा. ‘माणशी महिना फक्त १०० रुपये’ असं म्हटलं, तरी अकरा जणांच्या समितीला वर्षाचे १३,२०० होतात; १८ टक्के जीएसटी धरून १५,५७६. जाहिरातीतला दर बहुधा वर्षाचे पैसे आगाऊ भरणाऱ्यांसाठीचा असतो. माझ्या मते लहान सोसायटीला याची गरज नाही.

तरीही घेणारच असाल, तर पैसे भरण्याआधी एक मराठी फाइल त्या सेवेतून वर्डमध्ये आणि पीडीएफमध्ये उतरवून पाहा. जोडाक्षरं तुटली, तर दुसरी सेवा शोधा.