‘ही लोकं असलीच!’

पालकहो, मुलाने फोन किती वेळ बघायचा, यावरून घरात रोज वाद होतात. तो स्टेटसला काय ठेवतो, यावर कधी बोलणं होतं का?

खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला. त्यात एका तरुणाचा जीव गेला. तो मजकूर त्याने लिहिलेला नव्हता. सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद ठेवावं लागलं. आपल्या सांगली-मिरजेने तर 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल आणि संचारबंदी पाहिली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप कुणाच्या हातात नव्हतं.

मुलांना वाटतं, ‘हेट स्पीच’ म्हणजे शिवीगाळ. शिवी एका माणसाला दिली जाते. इथे एकाचा दोष अख्ख्या जातीच्या, धर्माच्या किंवा भाषेच्या माथी मारला जातो, आणि मग त्यातला कुणीही सापडला तरी चालतो. आपल्या कायद्यात ‘हेट स्पीच’ची व्याख्या नाही; पण धर्म, जात, भाषा यांवरून समाजांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

म्हणून मुलाचं तोंडच बंद करू नका हं. 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं, म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66 अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्दच केलं. पुढाऱ्यावर टीका करावी, रूढीवर करावी, अगदी कडक शब्दांत करावी. टीका आणि द्वेष यांतला फरक नववीतल्या मुलाला नीट कळतो, समजावणारं कुणी हवं.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, कडेगावच्या ताबुतांना हिंदूंचे खांदे लागतात. मुलांना एकदा तिथे न्या. भाषणापेक्षा ते बरं.

आणि रागावू नका, पण ‘ही लोकं असलीच’ हे वाक्य मुलं बहुतेकदा जेवणाच्या ताटावर ऐकतात, नाहीतर घरच्याच ग्रुपवर वाचतात. पुढच्या वेळी तिथे असा फॉरवर्ड पडला, तर मुलाच्या देखत विचारा: “काका, हे नेमकं कुणी केलं? कुठल्या गावात?” काका चार दिवस रुसतील. रुसू द्यात.