मेंदूज्वरात खर्च वाढतो कशाने?

रात्री कुणाला ताप भरला की वेळापूरच्या घरांत ठरलेलं बोलणं होतं: आज सलाईन लावून बघू, नाही उतरला तर उद्या अकलूजला नेऊ. साध्या तापाला हे चालून जातं. जिवाणूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल, तर तेवढ्या एका रात्रीत माणूस हातचा जाऊ शकतो. या आजारावरचं मुख्य औषध स्वस्त आहे, महाग पडतो तो उशीर.

ही लक्षणं दिसली की निघा
तापासोबत असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड नकोसा होणं, मान आखडून हनुवटी छातीला न टेकणं, गुंगी, बरळणं, आकडी. तान्ह्या बाळाची मान आखडेलच असं नाही. टाळू फुगणं, दूध न ओढणं, चिरक्या आवाजात रडणं यांवर लक्ष ठेवा. दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके अंगावर उठले, तर पळाच.

गाडी: मोफत
१०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. सोलापूरचं सिव्हिल शंभरएक किलोमीटरवर आहे, अकलूजचं उपजिल्हा रुग्णालय त्यापेक्षा कितीतरी जवळ. थेट सोलापूर गाठण्याआधी जवळच्या डॉक्टरांना विचारा, ‘अँटिबायोटिकचा पहिला डोस इथेच देता येईल का?’ पुढे पाठवताना औषध, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. तपासणीसाठी औषध अडवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

औषध: काही हजार
मुख्य अँटिबायोटिक सेफ्ट्रायॅक्सोन, त्याची किंमत सरकारी नियंत्रणात आहे. एक ग्रॅमची कुपी साधारण ५० ते ७० रुपयांना. मोठ्या माणसाला सहसा दर बारा तासांनी २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला चार कुप्या, २०० ते २८० रुपये. दहा दिवसांचे दोन हजार ते अठ्ठावीसशे. मुलांचा डोस वजनावर ठरतो, महिन्याच्या आतल्या बाळाची औषधं वेगळी. सोबत सूज कमी करायला देतात ते डेक्सामेथासोन किरकोळ किमतीचं. व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक जोडलं तर बिल वाढतं.

पाठीतलं पाणी
आजाराची खात्री करायला पाठीतलं पाणी काढून तपासतात. ‘पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ या भीतीने नातेवाईक सही द्यायला कचरतात. सुई घालतात ती कंबरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली. निरोगी पाणी नितळ असतं, पू झाला की तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. त्यावरून नेमका जंतू कळला तर नको ती औषधं बंद करता येतात. सिटी स्कॅन प्रत्येकाला आधी लागतोच असं नाही. कशासाठी करायचा, ते विचारा.

खरा खर्च बेडचा
सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सोलापूरचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तिथले दर भरतीवेळीच विचारून घ्या. खासगीत आयसीयू, व्हेंटिलेटर, डॉक्टरांची व्हिजिट यांचे आकार वेगवेगळे लागतात. दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे, ते वाचा आणि रोजचा अंदाज लेखी मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का, हा आजार त्यात बसतो का, हे अनामत भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

घरी सोडताना
या आजारातून उठलेल्या साधारण पाचांतल्या एकाला गंभीर व्यंग राहतं, आणि बहिरेपण त्यात बरंच. लहान मूल ‘ऐकू येत नाही’ असं सांगत नाही. म्हणून डिस्चार्जआधी, निदान चार आठवड्यांत, कानांची तपासणी करून घ्या. बोलायला शिकण्याच्या वयात हे राहून गेलं, तर पुढे यंत्र, शस्त्रक्रिया आणि वाचा-उपचार असा वर्षानुवर्षांचा खर्च मागे लागतो.

लस: मोफत
हा आजार करणाऱ्या काही जंतूंपासून दोन लशी बाळाला वाचवतात. पेंटाव्हॅलंट सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. न्यूमोकोकलची सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, बूस्टर नवव्या महिन्यात. खासगीत न्यूमोकोकलच्या एकेका डोसाला हजारांत मोजावे लागतात, आरोग्य केंद्रात काहीच नाही. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीकरण कार्ड आजच काढून बघा. डोस राहिला असेल, तर आशाताईंना पुढच्या लसीकरण सत्राची तारीख विचारा.