आयुष्याचा वारसा आणि हातातले सूप

वाचकहो, चांगदेवांची कथा आपणांस ठाऊकच आहे. परंपरा सांगते की, त्यांनी योगबळाने चौदाशे वर्षे काळाला परतवून लावले. पुढे ज्ञानदेवांची कीर्ती त्यांच्या कानी आली. भेटीआधी पत्र पाठवावे म्हणून ते लिहावयास बसले, आणि मायन्यापाशीच अडले. वय पाहावे तर ज्ञानदेव लेकरू, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे. ज्ञान पाहावे तर तेच थोर, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे. काही सुचेना, तेव्हा कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की, चौदाशे वर्षे जगूनही हा कोरा तो कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजेच पासष्ट ओव्यांची चांगदेवपासष्टी.

ही कथा आम्ही कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वी मुक्ताबाईच्या बोलण्याचे हसू यायचे. आता आमचीही साठी उलटली आणि हसू येईनासे झाले. किती वर्षे मिळाली आणि त्या वर्षांत काय भरले, हे दोन हिशेब वेगळे आहेत, हे आता कळू लागले. चांगदेवांना चौदाशे वर्षे पुरली नाहीत. ज्ञानदेवांना एकवीस पुरली. आणि नामदेवराय परंपरेप्रमाणे ऐंशी वर्षे जगले, तेही कीर्तन करीत पंजाबपर्यंत हिंडून. या पाठात आपण दोन गोष्टींचा विचार करू. दीर्घ आयुष्य घराण्यात कितपत चालते? आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांचे हातपाय चालते राहावेत, यासाठी घराने काय करावे?

१. रक्ताचा वाटा किती?

“आमच्या घराण्यात कोणी नव्वदीच्या आत गेले नाही,” असे अभिमानाने सांगणारी माणसे गावोगाव भेटतात. उलट, “आमच्याकडे पुरुष साठी गाठत नाहीत,” असे म्हणून पन्नाशीतच हातपाय गाळणारेही भेटतात. दोघांनीही थोडे थांबून विचार करावा.

डेन्मार्क देशात १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या आयुष्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुष्यात जो फरक पडतो, त्यातला सुमारे चौथा हिस्साच रक्ताच्या वारशाने पडतो, असे त्यातून दिसले. पुढे २०१८ साली अमेरिकेत कोट्यवधी माणसांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, तेव्हा हा वाटा आणखी कमी, म्हणजे दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरला. अपघात आणि साथीचे रोग यांनी झालेले मृत्यू बाजूला काढून मोजणारे काही जण हा वाटा बराच अधिक धरतात. म्हणजे शास्त्रज्ञांतही एकमत नाही. मात्र केवळ रक्तावर भिस्त ठेवून बसावे, असे कोणीच सांगत नाही.

२०१८ च्या अभ्यासातील एक गोष्ट आम्हांस फार बोधक वाटली. ज्यांचे आपसांत रक्ताचे नाते नाही, अशा सोयऱ्याधायऱ्यांची आयुष्येही एकमेकांशी बरीच मिळतीजुळती निघाली. असे का व्हावे? सोयरीक करताना माणसे आपल्यासारखेच घर पाहतात. खाणेपिणे, कष्ट, शिक्षण, पैसाअडका, सवयी, सगळे साधारण सारखे असते. म्हणजे ज्याला आपण ‘रक्ताचा गुण’ म्हणतो, तो पुष्कळदा चुलीचा आणि उंबऱ्याचा गुण असतो.

तथापि रक्ताला काहीच किंमत नाही, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतच शंभरी गाठलेल्यांच्या भावंडांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अशा माणसांच्या भावांना शंभरी गाठण्याचा योग इतरांच्या मानाने निदान सतरा पट आणि बहिणींना निदान आठ पट असल्याचे त्यात आढळले. तेव्हा आमच्या मते तात्पर्य एवढेच: शंभरीची वाट रक्त पुष्कळ सोपी करते, पण सत्तरी-ऐंशीपर्यंत धडधाकट पोचणे हे बरेचसे राहणीवर आणि परिस्थितीवर आहे.

२. शंभर वर्षे कशाने भरली?

महाराष्ट्रातले सर्वांच्या माहितीचे उदाहरण घेऊ. महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी गेले. एकशे चार वर्षे! विद्यार्थिदशेत ते कोकणातल्या मुरुडाहून साताऱ्यास परीक्षेसाठी पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला न बसताच परतले. तो चालण्याचा भाग झाला. पण आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या उतारवयाचे.

१९१४ साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले. आपल्याकडे पेन्शन म्हणजे आरामखुर्ची. कर्व्यांनी १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ काढले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते जगाच्या प्रवासास निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली. शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, समता संघ स्थापिला. १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते शंभरी भरली तेव्हा.

आता हेही पाहा. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव १९५३ साली एकाहत्तराव्या वर्षी गेले, तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. पत्नी आनंदीबाई त्याआधी तीन वर्षे, १९५० साली, गेल्या होत्या. बापाचे आयुष्य लेकाच्या पदरात तसेच पडते, असे नाही, हे यातून दिसते. आणि दीर्घ आयुष्य म्हणजे निव्वळ भाग्य, असेही नाही. जो फार जगतो, तो फार जणांना पोचवतो. हा भार ज्याच्या हाती काही काम आहे, त्यालाच पेलतो, असे आम्हांस वाटते.

३. वारशाने येते ती वारी

आपल्या संप्रदायात एक शब्द आहे: ‘घराण्याची वारी’. आजोबा वारी करीत, ते थकले तेव्हा वडिलांनी ती चालविली, मग मुलाने. आजोबांनी मुलाच्या स्वाधीन जमीन केली, तशीच वारीही केली. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्या वाटेवर सत्तरी ओलांडलेले वारकरी, डोईवर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या आयाबाया आपण पाहतोच. ती माणसे काही आषाढात एकाएकी चालू लागत नाहीत. वर्षभर रानात, बांधावर, देवळापर्यंत त्यांचे पाय चालतच असतात. पालखी निघते ती तयार पायांनिशी.

येथे वारशाने काय आले? आयुष्याची वर्षे नव्हेत. आली ती चालण्याची सवय, पहाटे उठण्याची सवय, वेळेवर साधे जेवण, गळ्यात माळ घातल्याने सुटलेली दारू, आणि दिंडीत आपली जागा. ही जागा फार मोठी गोष्ट आहे. दिंडीत म्हाताऱ्याला कोणी ‘बाजूला बसा’ म्हणत नाही. तो विणेकरी असतो, चोपदार असतो, निदान टाळकरी तरी असतो. आज तो कोठे आहे, म्हणून कोणीतरी विचारतेच. घरात मात्र ही जागा आपण किती ठेवतो?

४. आमच्याच घरची चूक

दुसऱ्यास सांगण्याआधी आमची चूक सांगतो. आमची आजी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. पहाटे उठून तुळशीला पाणी घाली, गोठ्यात जाऊन म्हशीशी दोन शब्द बोले, मग ओसरीवर सूप घेऊन जोंधळे पाखडीत बसे. दुपारी वाती वळी. शेंगा फोडायच्या, भाजी निवडायची, हे तिचेच. एका आषाढात ती आडाजवळच्या ओल्या दगडावर घसरली. हाड मोडले नाही, मुका मार बसला. पण आम्ही घाबरलो. “आजी, आता तू काही करायचं नाहीस. नुसतं बसायचं,” असे बजावून आम्ही कळशी घेतली, सूप घेतले. ओसरीवर बाज टाकून दिली. लोक म्हणाले, नातवंडे असावीत तर अशी!

चातुर्मास संपत आला, तेव्हा आजीला उंबऱ्यापर्यंत जावयास दोन माणसे लागू लागली. जेवण निम्म्यावर आले. दिवसा डुलकी, रात्री जाग. आम्ही म्हणालो, वय झाले. एक दिवस तीच म्हणाली, “बाळा, तू मला बसवलंस ते बसवलंसच रे.” आम्हांस त्याचा अर्थ तेव्हाही पुरता लागला नाही.

कार्तिकीहून परतताना आत्या घरी आली. तिने आजीकडे पाहिले, कोणाला काही विचारले नाही. आतून सूप आणले, त्यात शेरभर जोंधळे ओतले आणि आजीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, “वैनीला निवडता येत नाही गं, खडे राहतात. तू बघ जरा.” आजीने पहिल्या दिवशी मूठभरच निवडले. हात थरथरत होते. आठ दिवसांनी ती आपण होऊन सूप मागू लागली. दीड महिन्याने भिंत धरून तुळशीपर्यंत गेली. आडावर मात्र ती पुन्हा कधीच गेली नाही; ते चार महिने आमच्या मायेने खाल्ले ते खाल्लेच. पुढे ती तीन वर्षे जगली. ती तीन वर्षे तिची होती, एवढे समाधान आम्ही आत्याच्या पदरी घालतो, आमच्या नव्हे.

५. शरीर काय सांगते?

आत्याने जे केले, त्याला आधार आहे. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले. तो प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांचे मांस सरासरीने जवळजवळ एक किलो घटले. तरुणपणी गेलेली ताकद लवकर भरून येते. म्हातारपणी ती जाते घाईने आणि येते सावकाश.

पण येते, हे महत्त्वाचे. १९९० साली बोस्टन शहरात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या पायांचा जोर सरासरीने अडीचपटीहून अधिक झाला. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतो!

मनाचेही तसेच. १९७६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अमेरिकेतील वृद्धाश्रमात झाला होता. काही जणांना एकेक रोपटे देऊन सांगितले की, याची काळजी तुम्ही घ्यायची, आणि आपल्या दिवसाचे काय ते तुम्ही ठरवायचे. दुसऱ्यांनाही रोपटे दिले. पण पाणी परिचारिका घालतील, म्हणून सांगितले. तीनच आठवड्यांनी पहिली मंडळी अधिक तरतरीत आणि आनंदी दिसली. आपली आजी तुळशीला पाणी घालते, ते आपण ‘तिचा वेळ जातो’ म्हणून सोडून देतो. वस्तुतः त्या तांब्याभर पाण्यावर तिचा दिवस उभा असतो.

६. काम म्हणजे राबवणूक नव्हे

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर या पाठाचा दुरुपयोग व्हायचा. म्हातारीच्या डोक्यावर घरचे सगळे धुणेभांडे टाकून “व्यायाम होतो” म्हणणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. ते काम नव्हे, ती राबवणूक. काम तिच्या मर्जीचे, तिच्या चालीने होणारे, आणि घराला खरेच उपयोगी असावे. खोटे काम म्हाताऱ्या माणसाला लगेच कळते.

पडण्याच्या भीतीने माणूस बसवू नये. पडण्याची कारणे काढावीत. न्हाणीत धरावयास दांडी, रात्री दिवा, पायांत न घसरणारी चप्पल, डोळ्यांची आणि कानांची तपासणी, रक्तदाबाचे औषध वेळेवर. दीर्घायुषी घराण्यातल्यांनीही तपासणी चुकवू नये. रक्तदाब वंशावळ वाचून येत नाही. आणि जे खरोखरच अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या हातून काम होत नसेल, तरी त्यांना विचारता येते: लोणच्याला मीठ किती, पेरणी कधी, लग्नाला कोणाकोणाला बोलवावे. विचारणे हीही एक जागाच आहे.

७. या महिन्याचा अभ्यास

(अ) घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हातून गेल्या वर्षभरात कोणकोणते काम आपण काढून घेतले, त्याची यादी करा. ते त्यांनी सोडले, की आपण सोडविले?

(आ) त्यातले एक तरी काम त्यांना विचारून परत द्या. सावकाश झाले, सांडले, तरी बोलू नका.

(इ) रोज त्यांच्याबरोबर थोडे चाला. देवळापर्यंत, नाहीतर अंगणातच. त्यांच्या पावलाने चाला, आपल्या नव्हे.

(ई) ज्यांची चाळिशी झाली आहे, त्यांनी आपल्या म्हातारपणाची वारी आजच सुरू करावी. तयार पाय आषाढात मिळत नाहीत.

असो. आयुष्य किती, हे आपल्या हाती नाही. घराण्याने दिले तितके रक्त आपण घेऊन आलो. परंतु घरच्या म्हाताऱ्या माणसाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेला असावा, की मध्येच आपण तो हातातून ओढून घ्यावा, हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे. आमच्या ओसरीवर ते सूप अजून खुंटीला आहे. त्याच्याकडे पाहिले की आत्याची आठवण होते, आणि आपण म्हातारे झालो की कोणी आपल्याही मांडीवर असे सूप आणून ठेवील का, हा विचार येतो.